पाच मीटर उजेड

ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली आपल्या कामावर पडते, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. आमच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट दाराच्या वर आहे आणि ओटा समोरच्या भिंतीला. त्यामुळे उभं राहणाऱ्याची पाठ कायम उजेडाकडे. संध्याकाळी कांदा चिरायला घेतला की कांदा, सुरी आणि बोटं तिन्ही काळोखात जातात. एकट्याचा स्वयंपाक सुरू केला त्या पहिल्याच आठवड्यात मी दोनदा बोट कापून घेतलं. दुसऱ्यांदा नळाखाली बोट धरून उभा होतो आणि एकदम आठवलं, की याबद्दल मी काहीतरी ऐकलेलं आहे. "इथे एक दिवा लावून द्या ना, माझी सावली पडते." बायको हे मला वीस वर्षं सांगत होती. मी दर वेळी "लावतो" म्हणायचो.

आणि मी कोण? बडोद्याबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात मी चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात काढली. म्हणजे दाब, तापमान, पातळी मोजणारी यंत्रं, त्यांच्या वायरी, आणि त्यांच्या हुकमावर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह. हजारो वायरी माझ्या हाताखालून गेल्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबर, प्रत्येक जोडणीचा कागद, कागदावर सही. कोणी बिननंबराची वायर सोडली तर मी त्याला सगळ्यांसमोर झापायचो, आणि त्याचा मला अभिमान होता. अशा माणसाच्या घरी ओट्यावर दिवा नव्हता. ती त्या सावलीत उभी राहून माझे डबे भरत राहिली आणि त्या वर्षी ज्येष्ठात गेली. नळाखाली बोट धरून उभं असताना मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आम्हाला मूल नाही. घर बडोद्यात समा भागात, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे तोंड केलेली एक बाल्कनी. शेजारी सगळे गुजराती, स्वभावानं चांगले. सुरुवातीला रोज कोणी ना कोणी दार वाजवायचं, डाळ-भात द्यायचं. मग ते आपापल्या उद्योगाला लागले, ते लागायलाच हवेत. महिन्याभरानं माझ्याकडे नेमानं येणारं एकच माणूस उरलं. ते म्हणजे ताई, माझ्या बायकोची मोठी बहीण.

ताई बडोद्यातच, वासणा भागात राहतात. त्याही एकट्याच, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून नाशिकला. दर गुरुवारी दुपारी रिक्षा करून यायच्या. गुरुवारच का, तर त्यांचा उपास, म्हणजे माझ्यावर त्यांच्या जेवणाची पंचाईत नको. उलट स्वतःच डब्यातून साबुदाण्याची खिचडी आणायच्या. तासभर बसायच्या. बडोद्यात माझ्याशी मराठी बोलणारी माणसं पुष्कळ होती, पण माझ्या बायकोला फ्रॉकमध्ये पाहिलेलं, तिची खोड माहीत असलेलं, तिला टोपणनावानं हाक मारणारं दुसरं कोणी राहिलं नव्हतं. ताई जिना चढून आल्या की घरात ती असल्याचा थोडा पुरावा यायचा. मी बुधवारपासून घर झाडून ठेवायचो.

पण ताईंना एक प्रश्न विचारायचा असायचा आणि मला नेमका तोच नको असायचा. खिचडी खाऊन झाली, पाणी पिऊन झालं की त्या पदरानं तोंड टिपत विचारायच्या, "भाऊजी, शेवटी ती काय म्हणाली?"

ज्येष्ठात त्या नाशिकला होत्या, सुनेच्या बाळंतपणाला. त्यांना यायला जमलं नाही, आणि मग आल्या त्या एकदम तेराव्यालाच. तेव्हा घरात माणसं होती. मी सगळ्यांना सांगितलं होतं की ती शांतपणे गेली. ताईंनाही तेच सांगितलं. पण सख्ख्या बहिणीचं तेवढ्यावर कसं भागणार?

खरं असं होतं की ती कशी गेली हे मला माहीत नव्हतं. दवाखान्यात आमची सहावी रात्र होती. पहाटे डॉक्टर म्हणाले, आता बरंच स्थिर आहे. मी सहाच्या सुमाराला खाली चहा प्यायला गेलो. फाटकाबाहेर एकाची गाडी उभी असायची, आलं-फुदिना घातलेला चहा. सहा दिवसांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली, म्हणून मी आणखी एक कप घेतला. वर आलो तर नर्स दाराबाहेर उभी होती. दुसरा कप घेतला नसता तर मी वेळेवर पोचलो असतो की नाही, हे मला सांगता येत नाही. हिशेब मी पुष्कळ वेळा केला आहे. कधी पोचतो, कधी पोचत नाही.

हे ताईंना सांगितलं तर त्या पुन्हा माझा जिना चढणार नाहीत याची मला खात्री होती. मी त्यांच्या जागी असतो तर चढलो नसतो. म्हणून दर गुरुवारी मी काहीतरी विषय काढायचो. पाऊस, सोसायटीची पाण्याची टाकी, गॅसचा नंबर. चारपाच गुरुवारांत विषय संपले. तेवढ्यात ओट्यावरच्या दिव्याचं डोक्यात आलं.

खंडेराव मार्केटला भाजी घ्यायला गेलो होतो, तसाच पुढे गल्लीत इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरलो. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. मी त्याला ओट्याची लांबी, वरच्या कपाटाची खोली, सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यानं कागदाकडे बघितलंही नाही. मागच्या फळीवरून एक रीळ काढून समोर टाकलं. "भाई, आ पट्टी लई जाव. पाच मीटर छे. पाछळ गुंदर छे, चोंटाडी दो एटले पत्युं." मागे गोंद आहे, चिकटवा की झालं. किंमत ऐकून मला त्याचा रागच आला. वीस वर्षं जे काम मी ढकललं ते इतकं स्वस्त असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. महाग असतं तर निदान तेवढं कारण तरी सांगता आलं असतं.

चिकटवा की झालं हे त्याचं म्हणणं अर्थातच खोटं होतं. एलईडीची ती पट्टी बोटभरही रुंद नसते, कागदासारखी पातळ, तीवर तांदळाएवढे दिवे. मागचा गोंद फक्त दुकानातच चिकटतो. मी कपाटाची खालची बाजू आधी साबणानं, मग स्पिरिटनं पुसली. पंचवीस वर्षांच्या फोडणीचा थर होता तिथे, पिवळा आणि चिवट. तो खरवडताना मी बराच वेळ थांबलो होतो. तिच्या हातच्या फोडण्या होत्या त्या, आणि मी त्या चिंधीनं पुसून बादलीत पिळत होतो. मग ॲल्युमिनियमची पन्हळ लावली, तीत पट्टी बसवली, वर दुधी झाकण, म्हणजे दिव्यांचे ठिपके ओट्याच्या काळ्या दगडात दिसू नयेत. पट्टी कुठेही कापता येत नाही, दर तीन दिव्यांनंतर एक खूण असते तिथेच कापायची. मी दोनदा मोजून कापली. वायरींना नंबर घातले. नकाशा काढला, खाली सही केली. या घरात ती सही बघणारं कोणी नव्हतं, तरी केली.

बटण दाबलं आणि ओटा लख्ख उजळला. सुरी ठेवली, हात ठेवला, सावली कुठे नाही. मला वाटलं होतं, बरं वाटेल. मी स्टूल ओढून खाली बसलो आणि त्या स्वच्छ उजेडाकडे बघत राहिलो. दुपारभराचं काम होतं ते. त्यात वीस वर्षं लावण्यासारखं काही नव्हतं.

त्या गुरुवारी ताई आल्या तेव्हा खिचडी संपायच्या आतच मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी दिवा लावून बघितला, बंद करून बघितला. "सरस झालंय," म्हणाल्या. "तिला आवडलं असतं ने?" मी पन्हळ कशी बसवली ते सांगू लागलो. गोंद, स्पिरिट, तीन दिव्यांची खूण, अ‍ॅडाप्टरचे व्होल्ट. ताई ऐकत राहिल्या, मग रिक्षाची वेळ झाली. प्रश्न विचारायचा राहिला. त्या गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक रीळ आणलं.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी घरभर पट्ट्या लावत सुटलो. लोकांना सांगायला कारणं होती. बेडरूममधून बाथरूमला जाताना उंबरठा दिसत नाही, म्हणून पॅसेजमध्ये भिंतीच्या तळाला. कपाटात कपडे दिसत नाहीत, म्हणून कपाटात. आत तिच्या साड्या होत्या आणि त्यांच्यावर असा उजेड पडला की मी कपाटाचा दिवा लगेच काढून टाकला. पलंगाखाली. पुस्तकांच्या फळीमागे. लांब पट्टीचं शेवटचं टोक मंद पडतं, म्हणून दोन्ही बाजूंनी वीज द्यायची, हे शिकलो. कोपऱ्यात वळवायला मिळणाऱ्या चिमट्या बेभरवशाच्या असतात, म्हणून प्रत्येक जोड सोल्डरचा डाख देऊन पक्का केला. काम करताना वेळ जायचा आणि गुरुवारी दाखवायला काहीतरी असायचं. ताईंचं "भाऊजी, शेवटी..." सुरू झालं की मी उठायचो. "ताई, हे बघितलंत का?" त्या उठून यायच्या. बिचाऱ्या गुडघे धरून पलंगाखाली वाकून बघायच्या.

शेवटची राहिली बाल्कनी. तिचं कारण मी कोणाला सांगितलं नाही, इथे सांगतो. संध्याकाळी मी फिरायला जातो. परत येताना कोपऱ्यावरून आमची इमारत दिसते आणि तिन्हीसांजेला प्रत्येक घरात दिवा असतो, आमच्या घरात नसतो. मला त्या काळोख्या चौकटीकडे चालत जाणं नकोसं व्हायचं. दोनदा मी कोपऱ्यावरून मागे फिरून आणखी एक फेरी मारली, जणू तेवढ्यात कोणी येऊन दिवा लावेल. म्हणून बाल्कनीच्या छताला पट्टी लावून मी सगळी जोडणी एका टायमरवर घेतली. साडेसहाला घर आपोआप उजळायचं. कोपऱ्यावरून बघितलं की वाटायचं, आहे कोणीतरी घरी. हे खोटं मीच रचलेलं होतं तरी त्यानं पाय पुढे पडायचे.

या पट्टीच्या वेळी मात्र मी एक लोभ केला. पांढरी साधी पट्टी संपली होती. दुकानदार म्हणाला, रंगीत घ्या, त्याच भावात, रिमोटवर सोळा रंग, त्यात पांढराही आहेच. एका पैशात जास्त कामं करणारं यंत्र दिसलं की कारखान्यातल्या माणसाला मोह आवरत नाही. मी ती आणली, टायमर तिची वीज न तोडता नुसती चालू-बंदची खूण देईल अशी जोडली, रिमोटवर पांढरा रंग लावला आणि रिमोट टेबलाच्या खणात टाकला.

दिवाळी जवळ आली. वर्षाच्या आत मृत्यू झालेल्या घरात आमच्याकडे दिवाळी करत नाहीत. तळणीची कढई चढत नाही, कंदील लागत नाही, रांगोळी नाही. फराळ नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी आणून द्यायचा असतो. गुरुवारी ताईंनी मला हे पुन्हा बजावलं. "भाऊजी, कंदील माळ्यावरून काढू नका हं. दारात एक पणती तेवढी. फराळ मी आणते." मी म्हटलं, "ताई, मला का कळत नाही?" मला कळत होतंच. कंदील मी काढला नाही. बाल्कनीतल्या पट्टीचा आणि दिवाळीचा संबंध माझ्या डोक्यातही आला नाही. रोषणाई वेगळी आणि घरातला उजेड वेगळा, असं माझं साधं गणित होतं.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी नेहमीसारखा फिरायला गेलो. ताई फराळ घेऊन दुसऱ्या दिवशी येणार होत्या. परतताना रस्त्यावरचे दिवे गेले आणि पाच-सात मिनिटांनी आले. सणात ताण पडतो, जातात. कोपऱ्यावर आलो आणि सवयीनं वर बघितलं.

आमची बाल्कनी लाल झाली होती. बघता बघता हिरवी झाली. मग निळी, मग जांभळी, मग सगळे रंग एकामागून एक धावत सुटले, आणि शेवटी नुसती उघडझाप, उघडझाप. सगळ्या इमारतीत तेवढी भडक रोषणाई कोणाकडे नव्हती. फाटकाशी वॉचमन कौतुकानं वर बघत उभा होता. "काका, मस्त लाइट करी छे!" मग त्यानं खुर्चीखालून एक स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. "बेन आव्यां हतां. रिक्षामांथी उतर्यां, उपर जोयुं, ने आ आपीने पाछां गयां." म्हणजे ताई एक दिवस आधीच आल्या, वर बघितलं, आणि हे देऊन परत गेल्या.

डबा जड होता. वर जाऊन मी आधी मेन स्विच पाडला. मग काळोखात खुर्चीवर बसून डोकं चालवलं, आणि काय झालं ते कळायला मला एक मिनिट लागलं नाही. वीज जाऊन परत आली की ही स्वस्तातली रंगीत पट्टी आपण लावलेला रंग विसरते. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला भरलेला खेळ सुरू करते. कारखान्यात कुठलाही व्हॉल्व्ह बसवला की मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: वीज गेली, व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेली, तर हा उघडा राहील की बंद? उत्तर मिळाल्याशिवाय मी सही करत नसे. नवीन आलेल्यांना मी ते घोकून घ्यायला लावायचो. आणि स्वतःच्या बाल्कनीत, शोकाच्या वर्षात, मी तो प्रश्न विचारला नव्हता. माझ्यासारख्या माणसाच्या हातून दुसरी कुठलीही चूक झाली असती तर मला एवढं लागलं नसतं.

मी ताईंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्या वेळी कट झाला, म्हणजे हातात घेऊन कट केला. डबा उघडला तर चकल्या, शेव, रव्याचे लाडू, आणि वेगळ्या पिशवीत शंकरपाळे, जे माझ्या बायकोला आवडायचे, मला नाही. मी एक शंकरपाळा खाल्ला. घरातले सगळे दिवे मी त्या संध्याकाळी बंदच ठेवले, आणि शेजारच्या घरांतला उजेड बाल्कनीच्या कठड्यावर पडलेला बघत बसलो. ताई आता येणार नाहीत हे मला स्वच्छ कळत होतं. ज्या गोष्टीला घाबरून मी तीन महिने पट्ट्या चिकटवल्या, ती पट्टीनंच केली होती.

सकाळी आंघोळ करून मी स्कूटर काढली. वासण्याला ताईंचं टेनामेंट आहे, इकडे बैठ्या जोडघराला तसं म्हणतात, पुढे छोटं अंगण, आत दिवाणखान्यात हिंचका, म्हणजे झोपाळा. बडोद्याच्या मराठी घरांतही हिंचका असतो, आमची घरं तेवढी गुजराती झालेली आहेत. ताईंनी दार उघडलं, मला बघून आत गेल्या आणि हिंचक्यावर बसल्या. मला "बसा" म्हटलं नाही. मी समोरच्या खुर्चीत आपणहून बसलो.

"ताई, ती दिवाळीची रोषणाई नव्हती," मी सुरुवात केली. मग मी सगळं सांगितलं. वीज कशी गेली, पट्टीतल्या यंत्राला स्मरण कसं नसतं, पांढरी पट्टी का मिळाली नाही, त्याच भावात सोळा रंग मिळतात या लोभानं रंगीत कशी घेतली. सांगता सांगता हातानं हवेत नकाशाही काढला. ताई मला मध्येच थांबवतील असं वाटत होतं, पण त्या हिंचका पायानं हळूहळू ढकलत ऐकत राहिल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मला वाटलंच होतं की असं काहीतरी असेल. तुम्ही कंदील लावणारे नाही, ते मला माहीत आहे. मी त्यासाठी परत नाही आले." हिंचका थांबला. "तो सगळा लखलखाट बघितला आणि मनात आलं, आता वर गेले की हे मला आणखी एक दिवा दाखवतील. मला नाही बघायचे तुमचे दिवे, भाऊजी. मी थकले. शेवटी ती काय म्हणाली, तेवढं सांगा. नाहीतर सांगणार नाही म्हणून सांगा, म्हणजे मी यायची बंद होईन."

त्यांच्या घरात दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "ताई, मी तिथे नव्हतो."

त्यांनी हिंचक्याची कडी धरली.

"मी खाली चहा प्यायला गेलो होतो. एक कप पिऊन आलो असतो तर कदाचित असतो. दोन प्यालो." "शांतपणे गेली म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, ते मला माहीत नाही. वर आलो तेव्हा संपलं होतं."

"म्हणजे ती काहीच बोलली नाही?"

"माझ्याशी नाही."

"माझ्याबद्दल?"

"नाही ताई. रात्री पाणी मागितलं, मग झोपली. एवढंच मला ठाऊक आहे."

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी हेल्मेट उचललं. आता त्या "निघा" म्हणतील, आणि त्यांनी म्हणायच्या आत आपण उठलेलं बरं, असं मला वाटलं. पण त्या हात न काढताच बोलू लागल्या, आणि मी अर्धवट उठलेला तसाच राहिलो.

"नाशिकहून मी तिला फोनवर टाकून बोलले होते," ताई म्हणाल्या. "रिपोर्ट माझ्यापासून लपवले म्हणून राग आला होता मला. म्हटलं, तुझी दुखणी तुझ्यापाशी ठेव, मला इथे बाळंतपण आहे. ते शेवटचं बोलणं आमचं. मग तुम्ही दर गुरुवारी उत्तर टाळायला लागलात. मला वाटलं, ती मला काहीतरी बोलून गेली असणार. मरताना शिव्या दिल्या असणार. आणि तुम्ही चांगले आहात, म्हणून मला सांगत नाही."

मी खाली बसलो. पाच महिने मी माझी लाज झाकत होतो, आणि समोरची बाई ते टाळणं तिला वाचवण्यासाठी आहे असं समजून रिक्षानं येत होती, वाकून पलंगाखालचे दिवे बघत होती, पुन्हा रिक्षानं परत जात होती. "ताई, तसं काही नव्हतं," एवढंच मी दोन-तीनदा म्हणालो.

बाहेर कोणाच्या तरी अंगणात पोरं टिकल्या फोडत होती. ताईंनी पदरानं डोळे कोरडे केले, नाक पुसलं, आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू विचारलं, "म्हणजे तिच्यापाशी कोणीच नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही पण नाही आणि मी पण नाही," त्या म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी हिंचक्यावर माझ्यासाठी जागा केली.